पाव इंचाला सहाचं बिट की साडेसहाचं? मिमी-इंचाच्या घोळात योग्य माप कसं काढायचं

पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. डब्यात ड्रिलचं ६ चं बिट आहे, ६.५ चंही आहे. कोणतं लावायचं?

पाव इंची बोल्ट आरपार घालायचा असेल तर ६.५ चालेल, ६.८ आणखी बरं. त्याच बोल्टसाठी धातूत आटे पाडायचे असतील तर दोन्ही बाद, ५.१ लागेल. पाव इंची लाकडी खुंटी सरस लावून ठोकायची असेल तर ६ च्या भोकात ती शिरणार नाही, दामटून घातली तर लाकूड फाटेल, ६.५ च्या भोकात सैल बसेल; तिथे ६.४ च हवं. एकाच पाव इंचाची तीन उत्तरं झाली, आणि तिन्हींत नुसत्या रूपांतराच्या कोष्टकाने भागलं नाही.

म्हणून माप काढायचा क्रम उलटा ठेवावा. आधी भोकाचं काम ठरवा. मग त्या कामात चूक कोणत्या बाजूला झाली तर निभतं ते पाहा: भोक जरा मोठं चालेल, की जरा लहान? इंचाचे मिमी करणं हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम.

गणित एकदाच उरकून घेऊ

१९५९ पासून १ इंच म्हणजे नेमके २५.४ मिमी धरतात. अपूर्णांक दिला असेल तर वरच्या आकड्याला खालच्याने भागा आणि २५.४ ने गुणा. ३/८ म्हणजे ०.३७५, गुणिले २५.४, म्हणजे ९.५२५ मिमी.

कॅल्क्युलेटर हाताशी नसेल तर याहून चटकन जमणारी युक्ती आहे. १/३२ इंच म्हणजे जवळजवळ ०.८ मिमी. अपूर्णांक बत्तिसांशात आणा आणि ०.८ ने गुणा. ९/३२ म्हणजे ७.२ (खरं माप ७.१४). ७/१६ म्हणजे १४/३२, म्हणजे ११.२ (खरं ११.११). उत्तर नेहमी किंचित जास्त येतं: पाव इंचाजवळ ०.०५ ने, अर्ध्या इंचाजवळ ०.१ ने. तेवढं वजा केलं की कामापुरतं अचूक माप हातात येतं. चौसष्टांश असेल तर ०.४ ने गुणायचं, बाकी सगळं तसंच. सुतात बोलणाऱ्यांसाठी: एक सूत म्हणजे १/८ इंच, ३.१८ मिमी, तीन सूत म्हणजे तेच वरचं ९.५.

दोन अपूर्णांकांत मोठा कोणता हे पटकन कळत नसेल (९/३२ की ५/१६?), तर दोन्ही चौसष्टांशात लिहा. १८ आणि २०. संपलं.

आता नेहमीची मापं. तिसऱ्या रकान्यात सहज मिळणारं जवळचं मिमी बिट आहे:

| इंच | नेमके मिमी | जवळचं बिट |
|---|---|---|
| १/१६ | १.५९ | १.६ |
| ३/३२ | २.३८ | २.४ |
| १/८ | ३.१८ | ३.२ |
| ५/३२ | ३.९७ | ४ |
| ३/१६ | ४.७६ | ४.८ |
| ७/३२ | ५.५६ | ५.५ |
| १/४ | ६.३५ | ६.४ |
| ५/१६ | ७.९४ | ८ |
| ३/८ | ९.५३ | ९.५ |
| ७/१६ | ११.११ | ११ |
| १/२ | १२.७० | १२.७ |
| ५/८ | १५.८८ | १६ |
| ३/४ | १९.०५ | १९ |

यातल्या काही जोड्या जवळपास जुळ्या आहेत: ५/३२ आणि ४, ५/१६ आणि ८, ३/८ आणि ९.५, ३/४ आणि १९. या बिनधास्त एकमेकींच्या जागी वापरा. फरक फार तर ०.०६ च्या आसपास आहे आणि हातड्रिलने पाडलेलं भोक एवढं तर आपोआप इकडेतिकडे होतं. अडचण येते ती ३/१६, १/४ आणि १/२ यांच्याशी. अर्ध्या-अर्ध्या मिमीच्या सेटमध्ये ही तिन्ही दोन बिटांच्या मध्ये पडतात, आणि नेमकी हीच मापं सगळ्यात जास्त लागतात.

नंबर आणि अक्षरं

इंची पद्धतीत अपूर्णांकांखेरीज आणखी दोन कुळं आहेत. ८० नंबरपासून १ नंबरपर्यंतची बारीक बिटं आणि ए ते झेड अक्षरांची जाड बिटं. नंबर जितका मोठा तितकं बिट बारीक: ८० नंबर ०.३४ मिमी, १ नंबर ५.७९ मिमी. अक्षरं सरळ चालतात: ए ५.९४, झेड १०.४९. मधलं ई म्हणजे नेमकं पाव इंच.

यातला खरा धोका असा. बिटच्या दांड्यावर नुसतं '७' लिहिलेलं असतं. ते ७ मिमी असू शकतं, किंवा ७ नंबर, म्हणजे ५.१ मिमी. दोन्हींत जवळपास दोन मिमीचं अंतर! डब्याबाहेर सुटं पडलेलं बिट दांड्यावरचा आकडा वाचून कधीच उचलू नये. व्हर्नियर लावावा. आकड्यापुढे दशांश चिन्ह आणि त्यानंतर तीन अंक असतील (०.२०१, ०.२५०) तर ते इंच आहेत, आणि शेवटचा अंक थाऊचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा. १ थाऊ म्हणजे ०.०२५४ मिमी, चार थाऊ म्हणजे ०.१ मिमी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

बोल्ट आरपार जायचा असेल तर

हे सगळ्यात माफ करणारं भोक. बोल्टच्या बाहेरच्या व्यासापेक्षा मोठं हवं, इतकीच अट. किती मोठं ते कामावर. मेट्रिक बोल्टसाठी ('एम' म्हणजे मेट्रिक, पुढचा आकडा बोल्टचा व्यास मिमीत) नेहमीची, म्हणजे मध्यम बसणीची मापं अशी: एम३ ला ३.४, एम४ ला ४.५, एम५ ला ५.५, एम६ ला ६.६, एम८ ला ९, एम१० ला ११, एम१२ ला १३.५. घट्ट बसण हवी असेल, दोन भाग नेमके एकावर एक यायला हवे असतील, तर एम६ ला ६.४, एम८ ला ८.४, एम१० ला १०.५.

इंची बोल्टला पाव इंचासाठी घट्ट बसणीत एफ अक्षराचं (६.५३) आणि सैल बसणीत एच अक्षराचं (६.७६) बिट लागतं. मिमीत सांगायचं तर ६.५ आणि ६.८. इथे एक गंमत पाहा: एम६ चं ६.६ चं भोक आणि पाव इंचाचं ६.५ चं भोक जवळपास एकच. त्यामुळे एम६ साठी पाडलेल्या भोकातून पाव इंची बोल्ट बहुतेक वेळा जातो. उलटही जातो, फक्त जरा खुळखुळतो.

चार बोल्टांची पट्टी असेल तर घट्ट मापाच्या नादी लागू नका. दोन भोकांमधलं अंतर हाताने आखून ०.२ मिमीत येणं कठीण; पहिले तीन बोल्ट बसतात आणि चौथा अडतो. मग भोक कानशीने लांबट करत बसावं लागतं. सरळ मध्यम माप घ्या.

आटे पाडायचे असतील तर

इथे मात्र माफी नाही. भोक लहान झालं तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) तुटतो, मोठं झालं तर आटे उथळ राहून निसटतात. आणि तुटलेला टॅप इतका कडक असतो की साधं ड्रिल त्याला चाटूनही जात नाही.

सूत्र एकच, दोन्ही पद्धतींना चालणारं: बाहेरचा व्यास वजा पिच. पिच म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर. मेट्रिक बोल्टवर ती मिमीतच दिलेली असते. एम६ × १ ला ६ वजा १, म्हणजे ५. एम८ × १.२५ ला ६.७५, म्हणजे ६.८ चं बिट. एम१० बारीक आट्याचा, १.२५ पिचचा असेल तर ८.७५, म्हणजे ८.८, तोच जाड, १.५ पिचचा असेल तर ८.५. म्हणून 'एम१० चा टॅप' एवढं सांगून भागत नाही, पिच बघावीच लागते.

इंची आट्यांत पिच दिलेली नसते, इंचाला किती आटे ते दिलेलं असतं. २५.४ ला त्या संख्येने भागलं की पिच मिळते. १/४-२० घ्या: २५.४ भागिले २० म्हणजे १.२७. आता ६.३५ वजा १.२७, म्हणजे ५.०८. बिट ५.१ चं. कोष्टकांत याच आट्यासाठी ७ नंबरचं बिट दिलेलं असतं, तेही ५.१ च.

या सूत्राने आट्याची खोली सुमारे ७७ टक्के मिळते. पूर्ण १०० टक्के का नको? कारण शेवटच्या पाव हिश्श्याने ताकद फारशी वाढत नाही, टॅप फिरवायला लागणारा जोर मात्र झपाट्याने वाढतो. मऊ ॲल्युमिनियममध्ये ७५ ते ८० टक्के ठेवा. स्टेनलेसमध्ये ६० ते ६५ टक्क्यांवर समाधान माना: एम६ ला ५ ऐवजी ५.२ चं बिट लावा. खोली स्वतः तपासायची असेल तर बाहेरच्या व्यासातून भोकाचा व्यास वजा करा, उरलेल्याला पिचने भागा आणि ७७ ने गुणा.

हा हिशेब कुठे कामी येतो ते बघा. एम६ चे आटे पाडायचेत आणि हाताशी फक्त इंची सेट आहे. ५ च्या जवळचं म्हणून कोणी ३/१६ उचलतो. ते ४.७६. हिशेब केला तर खोली येते ९५ टक्के. टॅप पहिले दोन फेरे गुमान जातो. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला हँडल जड होतं. चुऱ्याला टॅपच्या खोबणीत जागा उरत नाही, तो दाबला जाऊन टॅपला घट्ट धरतो. हँडल सोडलं की ते हाताखाली स्प्रिंगसारखं किंचित मागे येतं. टॅप कापत नाहीये, नुसता पिळला जातोय, याची ही खूण. इथेच थांबून टॅप उलटा काढायचा. आणखी पाव फेरा रेटला की 'टक्'. त्याच सेटमध्ये एक पायरी वर १३/६४ चं बिट आहे, ५.१६ मिमीचं. त्याने खोली ६५ टक्के येते, लोखंडी पट्टीत अगदी चालण्यासारखी. म्हणजे ३/१६ आणि १३/६४ यांत शंका असेल तर आट्यांसाठी नेहमी वरचं.

मेट्रिक आटे, जाड पिचचे:

| आटा | मिमी बिट | इंची पर्याय |
|---|---|---|
| एम३ × ०.५ | २.५ | ३९ नंबर |
| एम४ × ०.७ | ३.३ | ३० नंबर |
| एम५ × ०.८ | ४.२ | १९ नंबर |
| एम६ × १ | ५.० | १३/६४ |
| एम८ × १.२५ | ६.८ | १७/६४ |
| एम१० × १.५ | ८.५ | आर अक्षर |
| एम१२ × १.७५ | १०.२ | १३/३२ |

इंची आटे (सुरुवातीचे ६, ८, १० हे स्क्रूचे नंबर, बिटचे नव्हेत):

| आटा | इंची बिट | मिमी पर्याय |
|---|---|---|
| ६-३२ | ३६ नंबर | २.७ |
| ८-३२ | २९ नंबर | ३.४ |
| १०-२४ | २५ नंबर | ३.८ |
| १०-३२ | २१ नंबर | ४.१ |
| १/४-२० | ७ नंबर | ५.१ |
| ५/१६-१८ | एफ अक्षर | ६.५ |
| ३/८-१६ | ५/१६ | ८ |
| १/२-१३ | २७/६४ | १०.८ |

टॅप मारण्याआधी आटा नेमका कोणता ते मात्र नक्की करा. एम८ आणि ५/१६ चा व्यास जवळपास सारखा, पण पिच १.२५ आणि १.४१. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. तिथे पान्याला पाइप लावून रेटलं की दोघांचेही आटे गेले. १०-३२ आणि एम५ ही जोडी त्याहून फसवी. पिच ०.७९४ आणि ०.८, म्हणजे जवळजवळ एकच. १०-३२ चा स्क्रू एम५ च्या भोकात शेवटपर्यंत जातो, थोडा डुलतो आणि पुरेसा आवळला की निसटतो. पिच-गेज नसेल तर दहा आट्यांचं अंतर व्हर्नियरने मोजून दहाने भागा. जुन्या यंत्रांवर व्हिटवर्थ आटे भेटतात: पाव, ५/१६ आणि ३/८ ला इंचामागे आटे तितकेच, पण आट्याचा कोन ६० ऐवजी ५५ अंश; अर्ध्या इंचाला मात्र १३ ऐवजी १२ आटे, आणि बिट १०.५ चं.

टॅपची जातही पाहा. कापणारा टॅप चुरा काढतो. फॉर्मिंग टॅप चुरा काढत नाही, धातू दाबून आटा उठवतो, म्हणून त्याला मोठं भोक लागतं: व्यास वजा अर्धी पिच. एम६ ला ५ नव्हे, ५.५ च्या थोडंसं वर. खोबण्या नसलेला गुळगुळीत टॅप ५ च्या भोकात घातला तर तो आतच राहील.

भोक पाडताना: पंच मारा, ३ मिमीचं पायलट भोक घ्या, मग मापाचं बिट. तोंडाशी काउंटरसिंकने बोल्टच्या व्यासाहून जरा जास्त चांफर, म्हणजे तिरकी कड, द्या, नाहीतर पहिला आटा वर फुगून येतो आणि पट्ट्या एकमेकींवर सपाट बसत नाहीत. टॅपला तेल लावून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. भोक आरपार नसेल तर आट्यांच्या गरजेपेक्षा निदान चार-पाच पिच जास्त खोल पाडा; टॅपचं निमुळतं टोक आणि चुरा यांना ती जागा लागते.

पाइपाचा अर्धा इंच वेगळा

नळ-पाइपाच्या आट्यांत इंच हे नुसतं नाव आहे. बीएसपीचा (पाइपांच्या ब्रिटिश पद्धतीचा) अर्धा इंची आटा बाहेरून २०.९६ मिमी भरतो, आणि त्याच्या समांतर आट्यासाठी भोक १९ चं लागतं. पाव इंचीचा व्यास १३.१६, बिट ११.८. एक अष्टमांशाला ८.८. १२.७ चं भोक पाडून अर्धा इंची निपल बसवायला गेलात तर तो नुसता तोंडाशीही येणार नाही. पाइपाचा आटा म्हटला की रूपांतर विसरा आणि कोष्टकच पाहा.

लाकूड

लाकडी स्क्रूला दोन मापं लागतात. वरच्या फळीत स्क्रू सहज सरकला पाहिजे, म्हणून तिथे स्क्रूच्या बाहेरच्या व्यासाएवढं किंवा किंचित मोठं. खालच्या लाकडात आट्यांनी पकड घ्यायची, म्हणून तिथे स्क्रूच्या गाभ्याएवढं. नरम लाकडात गाभ्याहून अर्धा मिमी कमी. वरच्या फळीचं भोक लहान ठेवलं की आटे दोन्ही फळ्यांत रुततात आणि मध्ये फट राहते, मग कितीही आवळा, फळ्या जवळ येत नाहीत.

नंबराच्या स्क्रूचा बाहेरचा व्यास काढायचा तर: नंबर गुणिले ०.३३, अधिक १.५२. ८ नंबर म्हणजे ४.१६ मिमी, १० नंबर ४.८२, ६ नंबर ३.५. पण गाभा नंबरावरून ठरवू नका. जुन्या धाटणीच्या स्क्रूचा गाभा जाड असतो आणि पार्टिकल बोर्डाच्या स्क्रूचा बारीक, बाहेरचा व्यास एकच असला तरी. बिट स्क्रूसमोर उजेडाकडे धरा. मधला गाभा बिटमागे झाकला गेला आणि दोन्ही बाजूंना आट्यांची धार दिसत राहिली तर माप बरोबर.

खुंटीच्या भोकात सैलपणा चालत नाही, कारण सरस फट भरून काढत नाही. ५/१६ च्या भोकात ८ ची खुंटी छान बसते. ३/८ ची खुंटी १० च्या भोकात अर्धा मिमी सैल, ते नको. मोठ्या मापांत काही सुखद योगायोग आहेत: कपाटाच्या कप बिजागरीचं ३५ मिमीचं भोक १ ३/८ इंचाच्या बिटने पडतं (३४.९३), आणि दाराच्या गोल कुलपाचं २ १/८ इंचाचं भोक ५४ च्या होल सॉने.

भिंत

भिंतीचं बिट दिलेल्या मापापेक्षा मोठंच असतं. ६ लिहिलेल्या नव्या बिटचं कार्बाइडचं टोक व्हर्नियरने मोजा, ६.२ ते ६.४ भरेल. ते मुद्दाम ठेवलेलं आहे, प्लगचं माप त्याच हिशेबाने ठरतं. त्यामुळे इथे नियम सरळ: प्लगवर ६ लिहिलंय तर बिट ६ चं, ८ असेल तर ८ चं. ६ ऐवजी पाव इंची लावलं की आधीच मोठं असलेलं टोक आणखी मोठं होतं, आणि प्लग स्क्रूबरोबर गोल फिरायला लागतो. ८ ऐवजी ५/१६ मात्र निभतं. भोक प्लगपेक्षा सुमारे १० मिमी खोल, आणि प्लास्टरची जाडी पकडीत मोजायची नाही. पोकळ विटेत हॅमर बंद ठेवा; नाहीतर आतली भिंत फुटून भोकाचं भगदाड होतं आणि कुठलंच माप उपयोगी पडत नाही.

अँकर बोल्टला बदली बिट लावूच नका. वेज अँकर एम१० चा असेल तर १० चंच, अर्धा इंची असेल तर अर्धा इंचीच. १२ च्या भोकात अर्धा इंची जाणार नाही, १३ च्या भोकात त्याची पाचर धरणार नाही. स्लीव्ह अँकरला आतल्या बोल्टचा नव्हे, बाहेरच्या नळीचा व्यास धरतात.

पॉप रिव्हेट

रिव्हेटच्या व्यासाहून ०.१ मिमी मोठं भोक. १/८ इंची म्हणजे ३.२ च्या रिव्हेटला ३.३ (३० नंबर), ५/३२ म्हणजे ४ ला ४.१ (२० नंबर), ३/१६ म्हणजे ४.८ ला ४.९ (११ नंबर). ४.८ च्या रिव्हेटला ५.५ चं भोक पाडलं तर रिव्हेट फुगतो, पण कडा धरत नाही. आठवडाभरात पत्रा वाजायला लागतो.

बिट मोजताना

व्हर्नियरचे जबडे टोकाजवळ, दोन्ही पात्यांच्या कडेच्या अरुंद पट्टीवर ठेवा आणि बिट हळूहळू फिरवून सर्वांत मोठं माप घ्या. दांड्यावर मोजू नका. बिट टोकाकडून मागे किंचित निमुळतं होत जातं, आणि मोठ्या बिटांचा दांडा चकमध्ये बसावा म्हणून मुद्दाम बारीक केलेला असतो. षटकोनी दांड्याच्या बिटांची गोष्टच वेगळी: आत ३ चं बिट असो वा ८ चं, दांडा पाव इंचीच. नवं बिट मापाहून दोन-तीन शतांश मिमी कमी भरलं तर ते ठीकच आहे, तशीच सूट दिलेली असते. एक-दोन दशांश कमी भरत असेल तर कडा झिजली आहे. ते बिट आट्यांच्या भोकाला वापरू नका.

आणि भोक म्हणजे बिट नव्हे. दोन्ही धारा सारख्या लांबीच्या नसतील तर ६ चं बिट ६.२ चं भोक पाडतं, कारण टोक मधोमध राहत नाही. हाताने धार लावलेल्या बिटवर म्हणूनच विश्वास ठेवू नये, निदान त्याच पत्र्याच्या तुकड्यावर एक भोक पाडून मोजल्याशिवाय. पातळ पत्र्यात साध्या बिटने भोक गोल न येता तिकोनी येतं. तिथे स्टेप बिट घ्या, पण त्याच्या पायऱ्या मिमीत आहेत की इंचात ते आधी वाचा. आठचं भोक साडेआठ करायला गेलं की बिट कडेला अडकून झटका देतं. मोठं करायचंच असेल तर तुकडा शिकंज्यात धरा आणि दाब कमी ठेवा. रीमर वापरणार असाल तर त्याच्यासाठी ०.२ मिमी शिल्लक ठेवा: ६ च्या रीमरला ५.८ चं बिट.

वेगासाठी कामचलाऊ आकडा: साध्या लोखंडात एचएसएस (हाय-स्पीड स्टीलच्या) बिटला ८००० भागिले व्यास मिमीत. ६ ला मिनिटाला सुमारे १३००, १० ला ८०० फेरे. स्टेनलेसला त्याच्या निम्मे किंवा कमी, ॲल्युमिनियमला दुप्पट. इंचाचा आकडा या सूत्रात तसाच घालू नका.

डब्यात काय असावं

इंची सेट २९ नगांचा असतो, १/१६ ते १/२, चौसष्टांशाच्या पायरीने, म्हणजे दर बिटमागे ०.४ मिमीची वाढ. नंबर आणि अक्षरं धरून तो ११५ नगांचा होतो. इंची यंत्रांचं रोजचं काम असल्याशिवाय तो घेण्यात अर्थ नाही, अर्धी बिटं आयुष्यभर तेलात पडून राहतात. १ ते १३ मिमीचा अर्ध्या-अर्ध्याचा सेट २५ नगांचा. तो घ्या. पण त्यात ३.३, ४.२, ६.८ आणि १०.२ नसतात, एम४, एम५, एम८ आणि एम१२ च्या आट्यांना हीच चार लागतात. ही सुटी घ्या, प्रत्येकी दोन. त्यात ३.२, ४.८, ५.१ आणि ६.४ घातलं की नेहमीच्या इंची कामांतली बहुतेक निघतात. अर्ध्या इंचाचं एक १२.७ वेगळं ठेवा, १३ च्या चकमध्ये ते बसतं. नंबराचं एखादं बिट घरात आलंच तर त्याला मिमीच्या डब्यात जागा देऊ नका, वेगळ्या डबीत ठेवून झाकणावर खडूने मिमी लिहा.